कुंपणाशी आलेली घंटा

ऑस्वल्डला पायगाडीचं खूळ लागलं आणि घराची शिस्त गेली, हे त्याची आई क्लेमेंटिना अख्ख्या ठाण्याला ऐकवायची. "आमच्या सात पिढ्या पायांनी चालल्या, ह्या मेल्याला दोन चाकं हवीत!"

रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की पोरगा निघायचा. कल्याण ओलांडून नदीच्या काठाकाठाने थेट खडवलीपर्यंत. परतल्यावर सांगायचा, "आई, तिथं भातशेतांतून वाट अशी उतरते, की पाय मारावेच लागत नाहीत. नदीच नेते."

"नेते ना? मग परत आणून सोडते का, तेही विचार तिला."

पण एक रीत त्याने कधी मोडली नव्हती. संध्याकाळची प्रार्थना झाली की तो आईपुढे वाकून बेसाव मागायचा. तिने आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेवला, की दिवसभर भटकलेलं माणूस पुन्हा घरचं व्हायचं.

त्या रविवारी तो लवकर आला. पायगाडी भिंतीला टेकवली. चाकांवर धुळीचा कण नव्हता. नदीचं त्याने नावही काढलं नाही.

प्रार्थना संपताना लांब शेताच्या वाटेवर पायगाडीची घंटा वाजली. पंचक्रोशीत पायगाडी एकच होती, आणि ती तर भिंतीपाशी उभी होती. झोपेत ऐकू यावी तशी घंटा सावकाश जवळ येत गेली.

तो वाकला. "आई, बेसाव दे."

क्लेमेंटिनाचा हात उचललेला होता. घंटा कुंपणाशी येऊन थांबली. तिने हात पदराखाली ओढून घेतला.

"ऊठ, बाबा. नुसतं वाकून कुणी माझा पोर होत नाही. माझा पोर आत्ता घरी येतोय."