विलायतेला दिलेली गुणाबाई

"हे आता कुणाला पटायचं न्हाई," मलप्पा म्हणाला, "पण आमच्या घरातली एक पोरगी विलायतेला दिलेली हाय. लाटसाहेबाच्या घरात."

बैठकीतला अडकित्ता थांबला. शिवमूर्ती देशमुख आपल्या वीरभद्रासाठी मुलगी बघायला आले होते, आणि बोलणं नुकतंच मुद्द्यावर आलं होतं. हुंडा नको, मानपान नको. फक्त मलप्पाची विहीर लग्नाआधी वीरभद्राच्या नावावर करून द्यावी. लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं नव्हतं आणि आसपासच्या सात गावांत पाणी असलेली ती एकच विहीर उरली होती. मलप्पाच्या मागं कुणी नव्हतं. होती ती ही एक नात, तारामती. म्हणजे विहीर तिचीच. देशमुखांकडं गढी होती, नाव होतं, आणि आडात नुसते दगड होते. स्थळ आणलं ते तारामतीच्या मामानं, चंद्रप्पानं, आणि तो कधीच मान डोलावून मोकळा झाला होता. देशमुख आपण होऊन दारात येतात, म्हणजे चेष्टा आहे काय?

तारामती पाटावर बसली होती. बघायला बसलेल्या पोरीनं नाव सांगायचं आणि पुढं तोंड मिटून जमीन बघायची. सकाळी मलप्पानं तिला विचारून बघितलं होतं, तर "तुम्ही म्हणाल तसं, अज्जा," एवढंच बोलली. ही पोरगी असं बोलणारी नव्हे. आठ दिवस मामानं तिला पढवलं होतं.

"विलायतेला?" देशमुख म्हणाले. "कोण म्हणायची?"

"माझ्या बापाची चुलत बहीण. गुणाबाई."

मलप्पाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोरची बैठक त्याला पांढऱ्या धोतरांच्या ढगासारखी दिसायची. कान मात्र तिखट, आणि त्यातला एक कान नातीच्या बांगड्यांवर ठेवून त्यानं सुरुवात केली. साहेब हैदराबादेला शिकारीला आला आणि वाघ सोडून गुणाबाईवर भाळला. गुणाबाई जहाजात चढली ती एक जातं, दोन म्हशी आणि सरकीच्या पोत्यांत भरलेलं सोनं घेऊन. तिकडच्या थंडीनं म्हशी शिंकायला लागल्या, तर साहेबाच्या आईनं आपल्या हातांनी त्यांना लोकरीचे मोजे विणले. आठ.

वीरभद्र खुदकन हसला. बापानं बघितल्यावर गप्प झाला.

"आणि हवेली केवढी, तर दीडशे खोल्यांची."

बांगडी वाजली. पुस्तकात शंभर होत्या.

नजर गेल्यापासून दुपारच्या वेळी तारामती त्याला शाळेच्या लायब्ररीतल्या कादंबऱ्या वाचून दाखवायची. पैसेवाल्यांच्या लेकी कफल्लक लाटसाहेबांच्या घरी पडतात, ती विलायतेची कादंबरी तर दोनदा वाचून झाली होती. मलप्पा ती विहिरीवर आलेल्या बायकांना आपल्याच घरची म्हणून सांगायचा. तारामतीला म्हशी चालायच्या, मोजे चालायचे. पण गोष्टीचा कणा मोडला की चुलीपुढून, पिठाच्या हातांनी, ती तिथंच त्याला टोकायची. कोण बसलंय, कोण उभं आहे, काही बघायची नाही.

मलप्पा पुढं गेला. हवेलीचं छप्पर गळायचं. खोलीखोलीत घंगाळं मांडलेली. सासू रोज सकाळी सात पिढ्यांची नावं सांगायची आणि मग घंगाळं उपसायला बसायची.

देशमुखांनी मांडी बदलली.

"मग एक दिवस साहेब कागद घेऊन आला. म्हणला, तुझं काय असंल ते माझ्या नावावर कर, मग छप्पर नीट करतो."

बाहेर रहाट कुरकुरत होता. बायका पाणी शेंदत होत्या. मलप्पानं पानाचा विडा तोंडात सारला, दोनदा चावला.

"खानदानी पोर ती. हूं का चूं केलं न्हाई. मान खाली घालून कागदावर अंगठा दिला आणि जन्मभर सुखानं नांदली."

"बघा," चंद्रप्पा देशमुखांकडं वळून म्हणाला. "आमच्यात पोरींना वळणच तसं असतंय."

बांगडी वाजली नाही.

मलप्पाचं चावणं थांबलं. गळ रिकामाच वर आला, असं त्याला वाटलं. आठ दिवसांत मामानं पोरीची जीभच काढून घेतली की काय. देशमुख आता बोलायला तोंड उघडणार, त्यांचा घसा खाकरलेला त्यानं ऐकला. बाहेर रहाट एकदा खाली गेला, भरून वर आला.

"खोटं हाय."

चंद्रप्पानं तिला दटावलं. पण तिचा आवाज आता पाटावरून येत नव्हता, वरून येत होता. ती उभी राहिली होती.

"खोटं हाय, अज्जा. तिनं अंगठा दिला न्हाई. छप्पर तिनंच शाकारलं, समद्यांना कोरडं निजवलं. पण जे तिचं होतं ते तिच्याच नावावर राहिलं."

बाहेरचा रहाट थांबला. बायका ऐकत असाव्यात.

मलप्पानं डोक्याचा रुमाल दोन्ही हातांनी नीट बसवला, आणि पाठ ताठ केली.

"मला नगं सांगू, माय," तो म्हणाला. "मला ठाव हाय. पावण्यांना सांग."