पाचवी आवृत्ती

मेंदूविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाची प्रुफं तपासता तपासता प्रभुदेसाई सर एका वाक्यापाशी अडकले. 'भीती मेंदूतल्या बदामाएवढ्या एका गाठीत राहते, ही समजूत आता मागे पडली आहे. माया आणि काळजी यांच्या वाटाही तिथूनच जातात.'

वाक्य त्यांचंच होतं. चौथ्या आवृत्तीत मात्र त्यांनीच छातीठोकपणे लिहिलं होतं, की तिथे भीतीशिवाय दुसरं काही नाही. त्या भरवशावर, मुलं निर्भय व्हावीत म्हणून, बारा वर्षांपूर्वी शाळाशाळांतून मुलांच्या त्या गाठी कायमच्या निजवल्या गेल्या. सरांनी आपल्या लेकीच्या संमतीपत्रावर सही केली तेव्हा शाल्मली सात वर्षांची होती आणि वीज कडाडली की त्यांच्या कुशीत शिरायची.

शाल्मली चहा घेऊन आली. तिची बोटं लालबुंद झाली होती. पातेलं तिनं सांडशीशिवायच उतरवलं होतं.

"अगं, भाजलं ना!"

"हो, दुखतंय. होईल बरं."

"दवाखान्यातून फोन आला का? आईचा रिपोर्ट?"

"सकाळीच आला. कॅन्सरच आहे. साखर अजून घालू?"

सरांनी कप बाजूला सारला आणि चष्मा काढून डोळे पुसले. तिनं त्यांना डोळे पुसताना पाहिलं, मग प्रुफावर वाकून ते वाक्य वाचलं.

"बाबा, माझी ही गाठ परत जागी करता येते?"

"नाही गं बाळा."

"बरं. मग दुपारी आईला भेटल्यावर मी काय करायचं, तेवढं नीट सांगा," ती म्हणाली, आणि वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसली.