फोटोवरचं नाव

प्रयोगशाळेच्या वेबसाइटवरच्या फोटोत एकशे बारा पेशी होत्या. त्यातली एकच दोनाऐवजी तीन भागांत विभागत होती, आणि नेमकी तिच्यावरून ‘सौजन्य : डॉ. देवदत्त खानविलकर, मुलुंड’ ही ओळ आडवी गेली होती. रेवतीची चार वर्षांची पीएचडी त्या एका पेशीवर उभी होती.

“सर, तुमचं नाव कोपऱ्यात घेऊ या ना.”

“वेबसाइट फुकटची आहे गं. कोपरा कापून कोणीही फोटो आपला म्हणून खपवेल.”

संशोधन नियतकालिकाने तिचा त्या पेशीवरचा लेख अडवून धरला. नावाखाली काय आहे ते पंधरा तारखेपर्यंत वेबसाइटवर दिसलं नाही, तर लेख रद्द होणार होता.

“विचार करतो,” सर म्हणाले आणि तीन आठवडे विचार करत राहिले.

चौदा तारखेला त्यांनी रेवतीला केबिनमध्ये बोलावलं. फोटो समोरच उघडा होता.

“तुझं बरोबर आहे. पेशी दिसायलाच हवी.”

“थँक्यू, सर! मग आजच नवा फोटो चढवते.”

“चढव. नाव आहे तिथे राहू दे. ती पेशी तेवढी जरा खाली सरकवून घे.”