बारीक धूळ

कारभारी आप्पांनी तुळशीच्या पानांवरून बोट फिरवलं आणि ते कुंपणाच्या भिंतीवरून सुदर्शनरावांपुढं धरलं. बोटावर पांढरट, बारीक धूळ होती.

"मी भांडाया आलो नाय," आप्पा म्हणाले. "पण तुमची करवत सुरू झाली की ही आलीच. मला दमा हाय, सुदर्शनराव."

सुदर्शनरावांची मान खाली गेली. सगळी हयात सरकारी नोकरीत काढली, साहेब म्हणून निवृत्त झाले, पण कुणी बोट दाखवायची वेळ त्यांनी येऊ दिली नव्हती. इभ्रतीला ते फार जपत. दुसऱ्याच्या फाटकापुढं कधी स्कूटर लावली नाही. गल्लीतल्या बायका पत्नी सुरेखाबाईंकडं घरघंटीवर दळणं आणू लागल्या, तेव्हा साहेबांच्या दारात डब्यांची रांग शोभत नाही म्हणून तेही बंद करवलं. आणि आता शेजारचा म्हातारा सरळ बोट दाखवत होता.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वयंपाकघरामागची खोली रिकामी करून तिथली अडगळ गच्चीवरच्या खोलीत चढवली होती. वाळूजच्या कारखान्यांतली पॅकिंगची पांढरी लाकडं आणायची आणि त्यांचे पाट, चौरंग करायचे, हा त्यांना नाद लागला. दुपारी करवतीपाशी उभं राहिलं की आपण अजून कामाचे आहोत असं वाटायचं. ते सुख सोडवत नव्हतं. पण म्हाताऱ्याचा श्वास कोंडून चौरंग करायचे, हेही पटेना.

संध्याकाळी सुरेखाबाई वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून उतरल्या. केसांवर, भुवयांवर तीच धूळ. सुदर्शनरावांनी खांद्यावरचा पंचा काढला. त्या समोर येऊन डोकं वाकवायच्या आणि ते हलक्या हातानं झटकायचे, हे आता रोजचंच झालं होतं.

"माझ्यापायी तुलाही भोगावं लागतंय," ते म्हणाले. "बंदच करून टाकतो हे काम."

"बंद कशाला करता?" सुरेखाबाई घाईनं म्हणाल्या. "धूळ ओढायचं मशीन मिळतं म्हणं. ते आणा."

दुसऱ्या दिवशी दोघं शहागंजला गेले. दुकानदारानं तीन मशीनं दाखवली. पहिलं लहान, घर झाडायच्या मशीनसारखं. पण ते भुशानं लगेच चोंदायचं. दुसऱ्याला कापडी थैला होता. चुरा थैल्यात राहायचा आणि बारीक धूळ कापडातून निसटून पुन्हा खोलीत यायची. तिसऱ्यात भुसा आधी पिंपात पडायचा, आणि उरलेली बारीक धूळ घट्ट विणीच्या जाळीत अडकायची.

"चाचा, जो दिखता वो भूसा," दुकानदार म्हणाला. "छातीत जातं ते दिसत नाय."

सुदर्शनरावांच्या डोळ्यांपुढं आप्पांचं बोट आलं. तिसरंच घ्यायचं त्यांनी मनाशी ठरवलं. पण दुकानदारानं ते चालू केलं आणि सगळं दुकान दणाणलं. सुदर्शनराव बिचकले. एवढा गोंगाट बायकोच्या माथी मारायचा म्हणजे फारच झालं.

सुरेखाबाई मात्र जवळ जाऊन मशीनभोवती एक फेरी मारून आल्या. "हे सारखं चालू राहतं का?" त्यांनी विचारलं. "मधीच बंद पडत नाय ना?"

आपण बटण दाबेपर्यंत बंद पडत नाही, असं दुकानदारानं सांगितलं.

"मग हेच घ्या," त्या म्हणाल्या.

सुदर्शनरावांना भरून आलं. आपल्या छंदासाठी ही बाई एवढा कल्ला सोसायला तयार झाली, आणि आपण तिला काय दिलं, तर डोकंभर धूळ. परतताना रिक्षात त्यांना तिच्याकडं बघवेना.

मशीन बसलं. करवतीला पाइप जोडला, खिडकीच्या फटी बुजवल्या. पहिल्या दुपारी काम संपल्यावर त्यांनी टेबलावर, खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. लहान मुलासारखे खूश होऊन ते कुंपणाशी गेले आणि आप्पांना शब्द देऊन बसले, की आता धूळ दिसली तर करवतच विकून टाकीन.

दोन दिवसांनी ऐन दुपारी आप्पांनी हाक मारली. सुदर्शनराव मशीन तसंच चालू ठेवून बाहेर गेले. आप्पांनी बोट पुढं केलं, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत सुदर्शनराव समोर उभे होते.

"पहिल्यापेक्षा जास्तच झाली की हो," आप्पा कसंबसं म्हणाले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सुदर्शनरावांना झालं. त्यांनी हात जोडले. "चुकलो आप्पा. करवत उद्याच विकतो."

मशीन बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. सुरेखाला आधी सांगावं म्हणून ते गच्चीकडं निघाले. तिचीही माफी मागायची होती. एकेक पायरी चढताना ते शब्द जुळवत होते.

गच्चीवरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खालून मशीनचा आवाज येत होता, त्यात त्यांची पावलं कुणाला ऐकू गेली नाहीत. दाराशी डब्यांची रांग होती. गल्लीतल्या बायका पदर नाकाला लावून आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. मधे घरघंटी चालू होती, आणि ज्वारीचं पांढरं पीठ उघड्या खिडकीतून आप्पांच्या अंगणाकडं उडत होतं.

सुरेखाबाईंनी वळून पाहिलं. केस, भुवया, सगळं पिठानं पांढरं झालेलं. उठून त्यांच्यासमोर आल्या आणि रोजच्यासारखं डोकं वाकवून उभ्या राहिल्या.