सावकाशीची वेळ

"मागणी आहे," प्रेस्टन म्हणाला आणि त्याने कागद टेबलावर पसरले. "फक्त कोणाची आणि किती, ते पाहायचं."

लुएला ओटलीने त्याच्यापुढे पीच घालून भाजलेल्या गोड कॉबलरची बशी ठेवली. तिच्या टेबलावर फोन चालत नसे. प्रेस्टन आणि तिचा बास्केटबॉल खेळणारा मुलगा कॉर्डेल, दोघांचे फोन आवाज बंद करून पावाच्या टोपलीत, फडक्याखाली ठेवलेले होते.

प्रेस्टन तिच्या मुलाचा एजंट. जुना एजंट निवृत्त झाला आणि त्याच्या जागी हा आला. फिलाडेल्फियाचा पोरगा. सकाळी विमानाने इंडियानापोलिसला उतरून, मक्याच्या शेतांमधून अडीच तास गाडी चालवत पहिल्यांदाच या घरी आला होता.

"मिसेस ओटली, सांगतो तुम्हाला. कॉर्डेल सदतीस वर्षांचा. पण तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभरात एकेचाळीस बास्केट. असा नेमबाज अजून विकला जातो."

"डावीकडे सरकून किती?" लुएलाने विचारलं.

प्रेस्टनने कागद चाळले. "ते वेगळं काढलेलं नाही."

"शून्य. नाताळपासून तो डावीकडे सरकलेलाच नाही."

टेबलाखाली कॉर्डेलचा डावा पाय लांब पसरलेला होता. गुडघ्यातलं पाणी या वर्षी सहा वेळा काढलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक हंगाम खेळलास तर चाळिशीत जिना चढायला माणूस लागेल. लुएलाने तेव्हाच म्हटलं होतं, पुरे कर. "सोडवत नाही, आई," तो म्हणाला होता. "माझ्या तोंडून नाही निघणार."

ते आठवूनही तिला आता काही वाटत नव्हतं. नवरा, व्हर्नन, गेल्यापासून बरंच काही असं आत पोचायचंच बंद झालं होतं.

"दोन रस्ते," प्रेस्टन म्हणाला. "एक, करारातलं शेवटचं वर्ष. साडेसात मिलियन डॉलर. 'मी राहतो' एवढं लिहून आज संघाला कळवायचं. दुसरा, बाजारात उतरायचं. तिथे मी चौकशी केली. एक संघ किमान पगार देतोय. दुसरा म्हणतो, आधी सरावाला या, मग बघू. खरं सांगू? ही सही झाली नाही, तर कॉर्ड संपला."

"कधीपर्यंत कळवायचं?"

"न्यूयॉर्कच्या घड्याळाने पाच." त्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे दोन खिळे होते, एकावर घड्याळ. तीनला दहा कमी. "दोन तास आहेत. आरामात."

"मग खा की. इतक्या लांबून आलायस, बाळा."

तिने त्याला आणखी वाढलं. मग वही आणली. चर्चच्या व्यायामशाळेत कॉर्डेल नऊ वर्षांचा असताना खेळला तो पहिला सामना, आणि पुढचे सगळे. प्रत्येक फेक तिने पेन्सिलने मांडली होती, गेली तर गोल, चुकली तर फुली. प्रेस्टन पानं उलटत राहिला.

"हे सगळं तुम्ही एकट्यांनी केलं?"

"व्हर्ननला यायला जमायचं नाही. तो काउंटीच्या हद्दीपलीकडे कारखान्यात होता. तिकडे लवकरची वेळ, घड्याळ तासभर पुढे; इकडे सावकाशीची. तो जेवायला यायचा तेव्हा आमचं दुपारचं आवरलेलंही नसायचं."

"हं," प्रेस्टन म्हणाला. तो फुल्या मोजत होता.

कॉर्डेलने कराराचं दुसरं पान दोनदा वाचलं. मग तिसरं. एक कलम समजावून मागितलं, प्रेस्टनने समजावलं. मग तो पेन शोधायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

"कॉर्ड, माझ्याकडे पेन आहे," प्रेस्टन ओरडला.

"बाबांचं हवंय."

"बापासारखाच आहे," लुएला म्हणाली. "लग्नाच्या दिवशीही व्हर्ननने मोजे शोधायला तास घालवला होता."

प्रेस्टन हसला. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. कॉर्डेल लंगडत आला, बसला आणि त्याने सही केली. लुएला पाहत होती. तिने बशा उचलल्या.

प्रेस्टनने टोपलीतून फोन काढला. "आमच्या ऑफिसचे अकरा फोन येऊन गेलेत," तो पुटपुटला. "घाबरट आहेत सगळे." त्याने कागदाचा फोटो काढून पाठवला आणि खुर्चीत रेलला. "झालं. अभिनंदन, म्हाताऱ्या. आणखी एक वर्ष."

लगेच उत्तर आलं. त्याने ते वाचलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"हे काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "मुदतीनंतर मिळालं म्हणतात. पाच वाजून दहा मिनिटांनी. आत्ता तर चार वाजून दहा झालेत. फोनवरही चारच आहेत."

लुएलाने नळ सोडला.

कॉर्डेल टेबलाला धरून उठला, रिकाम्या खिळ्यापाशी गेला आणि त्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"आई," तो म्हणाला, "बाबांचं लवकरच्या वेळेचं घड्याळ आता पिठाच्या डब्यातून काढू का?"