धूर कसला येतो?

त्याने विकायला काढलेल्या गाडीचं डिझेल इंजिन ऑइल खायला लागलं होतं. निळा धूर दिसला की सौदा गेला, म्हणून त्याने सकाळीच जाड ऑइल भरून, गाडी फिरवून चांगली गरम करून ठेवली होती. तरी गिऱ्हाईक स्टिअरिंगवर बसलं तसा तो सायलेन्सरकडे चोरून बघू लागला.

"मी रेस देतो. तुम्ही मागे उभे राहून धूर कसला येतो ते सांगा," गिऱ्हाईक म्हणालं.

असा भोळा सांब त्याने जन्मात पाहिला नव्हता. "बेताने द्या हं, मागच्या सीटवर लेक झोपलीय माझी," असं बजावून तो सायलेन्सरपाशी गेला. इंजिन घुमलं. धुराचा मागमूस नाही!

"एकदम स्वच्छ आहे हो!" तो खुशीत ओरडला.

गिऱ्हाईकाने गिअर टाकला आणि गाडी सुसाट फाटकाबाहेर पडली.

तो जिवाच्या आकांताने मागे धावत सुटला. "ओक गं बाई तो निळा धूर! बंद पड! पाया पडतो तुझ्या, बंद पड!"

पण सकाळी त्याने काही कसर ठेवली नव्हती. गाडी नव्यासारखी पळत वळणाआड गेली.