अर्धी ओळ

"पिल्लू मजेत आहे, काकू. पण घरात लोकर फार आहे हो," प्राण्यांच्या संस्थेतली मुलगी म्हणाली आणि तिने मांडीवरच्या कागदावर पेन टेकवलं.

"फार?" नणंद म्हणाली. "अगं, हे घर लोकरीचंच आहे. भिंती तेवढ्या मागाहून बांधल्या."

विणकामाच्या बाईंना हसू आलं नाही. शाळेत तीस वर्षं मुलींना सुया धरायला शिकवलेले त्यांचे हात आज मांडीवरच्या विणकामाशी उगाच चाळा करत होते. बटणला त्यांनी महिन्याच्या बोलीवर घरी आणलं होतं. नाल्यातून काढलेलं, एक कान फाटलेलं, कोटाच्या बटणासारखं नाक असलेलं कुत्र्याचं पिल्लू. मुदत आज संपत होती. मुलीने सही केली तर तो इथेच राहणार. नाही केली तर जाताना ती त्याला घेऊन जाणार. त्यासाठी आणलेला पिंजरा दाराशी, चपलांच्या शेजारी होता.

"तसं नाही," मुलगी म्हणाली. "धागा पोटात गेला की आतडी आवळतो. मागच्या वर्षी आमचं एक पिल्लू त्यात गेलं."

बाईंनी पायाशी ठेवलेली स्टीलची किटली उचलून तिच्यासमोर धरली. लोकरीचा गुंडा किटलीत होता, झाकण घट्ट बसवलेलं होतं आणि धागा तोटीतून बाहेर येत होता.

"बाकीची लोकर कपाटात, कुलपात. सुया त्या वरच्या खिळ्याला. आणि हा गुंडा इथे. महिनाभर डोकं लावतोय तो, अजून झाकण उघडलेलं नाही."

मुलगी हसली. "मग चहा कशात करता?"

"पातेल्यात. दोघांचा असायचा तेव्हा किटली लागायची."

मुलीने कागदावर काहीतरी लिहिलं. मग जरा थांबून म्हणाली, "हे विचारावंच लागतं म्हणून विचारते. तुम्ही एकट्या असता. विणायला बसलं की भान राहत नाही, माझ्या आईचं बघते ना मी. तो कुठे अडकला, ओरडला, तर तुम्ही लगेच उठता?"

"ही?" नणंदेला राहवलं नाही. "हिच्या वर्गात शाळेची घंटा झाली तरी ओळ पुरी केल्याशिवाय एका मुलीला उठू द्यायची नाही. मीसुद्धा हिच्याच हाताखाली शिकले. आभाळ कोसळलं तरी आधी ओळ पुरी..."

आणि तिने जीभ चावली. त्या शेवटच्या दुपारी तिच्या भावाने आतल्या खोलीतून हाक मारली होती. 'आले, एवढी ओळ पुरी करते,' असं बाईंनी इथूनच, याच खुर्चीतून सांगितलं होतं. ओळ पुरी झाली होती. हाक पुन्हा आली नव्हती.

बाईंनी मांडीवरचं विणकाम अलगद पसरलं. तपकिरी लोकरीचं लहानसं पांघरूण होतं ते, बटणसाठी. नणंदेने चष्मा नाकावर ओढला आणि त्यावरून हात फिरवला.

"वहिनी! काय गं हे? भोकंच भोकं! नवशिकी पोरसुद्धा बरं विणेल."

"डिझाइन असेल," मुलगी भीत भीत म्हणाली.

"नाही, चुकाच आहेत," बाई म्हणाल्या. वर्गात सांगायच्या तशाच, सावकाश. "हे बघ. ओळ अर्ध्यात टाकून उठलं की परत आल्यावर आपण कुठल्या बाजूला चाललो होतो, तेच आठवत नाही. उलट्या बाजूने विणत सुटतं माणूस. तिथे असं भोक पडतं." त्यांनी एका भोकात करंगळी घातली. "हे तो पाण्याच्या भांड्यात पडला तेव्हाचं. हे कॉटखाली अडकला तेव्हाचं. आणि या इतक्या वेळी काही झालं नव्हतं. नुसता बोलवत होता."

"मग उसवत का नाही?" नणंदेने विचारलं. तिचा आवाज आता खाली आला होता. "आम्हाला तर दोन टाक्यांसाठी वीतभर उसवायला लावायचीस."

"लावायचे खरी." बाई त्या भोकांकडे बघत राहिल्या. "पण वन्सं, एकदा नाही उठलं तर दुसरी हाक येतेच असं नाही. हा मारतो. पुन्हा पुन्हा मारतो. फार उपकार आहेत त्याचे माझ्यावर. ते कसे उसवू?"

मुलीने पेन उचललं, पण कागदावर टेकवलं नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बारीक कुईकुई ऐकू आली. बाईंनी सुया तशाच सोडल्या, विणकाम खुर्चीवर टाकलं आणि घरातल्या सपातासुद्धा न घालता त्या आत गेल्या.

मुलीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग सही केली, कागदाची एक प्रत किटलीखाली दाबून ठेवली आणि दाराशी जाऊन रिकामा पिंजरा उचलला.

नणंदेने सवयीने विणकाम हातात घेतलं. अर्धे टाके या सुईवर होते, अर्धे त्या सुईवर. कुठल्या बाजूला जायचं होतं ते तिला चटकन कळलं. शिकवणारी चांगली होती. तिने सुई टाक्यात घातली, आणि पुन्हा बाहेर काढली. विणकाम होतं तसं खुर्चीवर ठेवून दिलं.

आतून बाईंचा आवाज येत होता, "आले रे राजा. ही बघ, आले."